किंमत पेटीची, आवाज खोलीचा

हाय-फाय विकणाऱ्या चांगल्या दुकानात मागच्या बाजूला एक बंद खोली असते. जाड दार, मंद दिवे, समोर छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आणि बरोबर मध्यावर एकच खुर्ची. गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसतं, पाच मिनिटांत डोळे मिटतं आणि बाहेर येताना विचारतं, "स्पीकर केवढ्याला?" खोली केवढ्याला पडली, हे कुणी विचारत नाही. भिंतींवरची जाड पॅनेलं, कोपऱ्यांत उभे केलेले शोषक खांब, मोजूनमापून ठेवलेली ती खुर्ची, हे सगळंही त्याने आत्ताच ऐकलेलं असतं. फक्त बिलात ते नसतं आणि टेम्पोतून घरी येत नाही. "दुकानात वाजत होते तसे घरी वाजत नाहीत" ही तक्रार तिथून सुरू होते, आणि मग माणूस वायरी बदलायला लागतो.

या छंदात पैसा बराच लागतो आणि गैरसमज त्याहून जास्त आहेत. सगळ्यांत महाग पडणारा आधी घेऊ.

"स्पीकर भारी असला की खोली कुठलीही चालते"

खोलीचा आवाजावर होणारा परिणाम मोजता येतो, हे पहिल्यांदा दाखवलं वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणंच कळेना. तोंडातून निघालेला शब्द तिथे साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, म्हणजे पुढची दहा-पंधरा अक्षरं त्याच्यावर येऊन आदळायची. सबाइनने ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच घेतलं, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत घुमारा किती कमी होतो ते मोजलं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्या गाद्यांमधून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधला गेला.

घरातल्या खोलीत अडचण वेगळी असते. तिथे घुमाऱ्यापेक्षा खर्ज जास्त त्रास देतो. नेहमीच्या फ्लॅटचा १६ फुटी हॉल धरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. या लांबीत समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येणाऱ्या लाटा ३५ हर्ट्झला आणि त्याच्या पटींत, म्हणजे ७० ला, १०५ ला, एकमेकींवर चढतात आणि जागच्या जागी थरथरत राहतात. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा तानपुरा लावा. त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर ६९ हर्ट्झचा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर हा सूर फुगून अंगावर येतो. हॉलच्या ऐन मध्यावर बसलात तरी तेच. पण मागच्या भिंतीपासून चार फुटांवर बसलात, तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. रेकॉर्ड तीच, स्पीकर तेच, अॅम्प्लिफायर तोच. फुगलेल्या आणि बुडालेल्या जागेत दहा-पंधरा डेसिबलचं अंतर सहज पडतं. दोन चांगल्या अॅम्प्लिफायरमधला फरक याच्या आसपासही फिरकत नाही.

लांबी, रुंदी आणि उंची सारखी असेल तर आणखी कठीण. १० फूट बाय १० फूट खोली, छतही १० फुटांवर, म्हणजे तिन्ही दिशांच्या लाटा ५६ हर्ट्झला एकाच जागी गोळा होतात. डग्ग्याचा प्रत्येक ठोका मग एकाच सुरात गडगडतो आणि ऐकणारा म्हणतो, "स्पीकरला बेस फार आहे."

यावर ठरलेला उपाय म्हणजे अंड्यांचे ट्रे. पुठ्ठ्याचे हे ट्रे भिंतीवर चिकटवले की खोली स्टुडिओ होते, अशी समजूत किमान दोन पिढ्या टिकून आहे. ट्रेची जाडी दीड-दोन इंच, आणि ७० हर्ट्झची लाट जवळपास पाच मीटर लांब. तिला ट्रे आहे की नाही हे कळतही नाही. वरच्या पट्टीतला थोडा आवाज मात्र ट्रे खातात, त्यामुळे खोली बोथट वाटते आणि खर्ज होता तसाच राहतो. भिंतभर लावलेला पातळ फोमही यात बसतो, तो फक्त दिसायला बरा. खर्ज आवरायचा तर जाडी लागते: कोपऱ्यांत चार इंच किंवा त्याहून जाड ग्लासवूल किंवा रॉकवूल, मागे हवेची पोकळी, पुढे कापड. आणि यापैकी कशानेही शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाही. आतला आवाज शोषणं आणि बाहेर जाणारा अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला वजनदार भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं.

उलट टोकाला जाणारेही भेटतात. त्यांना खोली 'पूर्ण मेलेली' हवी असते. ध्वनिशोषक पाचरी लावलेल्या, प्रतिध्वनी नसलेल्या प्रयोगशाळेतल्या खोलीत संगीत रूक्ष वाटतं. बाजूच्या भिंतींवरून येणारं परावर्तन थोडं राहिलं तर बहुतेकांना गाणं मोकळं वाटतं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं मारायचं, याची एक साधी युक्ती आहे. खुर्चीत तुम्ही बसायचं आणि घरातल्या कुणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवत न्यायला सांगायचं. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथून पहिलं परावर्तन येतं. जाड पडदा, पुस्तकांचं कपाट किंवा पॅनेल लावून पाहायची जागा ती.

माइक लावून खोली मोजणारी आणि आवाज सुधारणारी उपकरणं हल्ली सर्रास मिळतात. ती खरंच कामाची आहेत, पण अर्धीच. फुगलेला सूर त्यांना खाली दाबता येतो. बुडालेला वर काढता येत नाही, कारण त्या जागी जितका आवाज ओताल तितका तो स्वतःलाच रद्द करतो. त्यावर इलाज एकच: सोफा सरकवणे. हा सल्ला फुकट असल्यामुळे त्याला मान नाही.

"जितके वॉट तितका दम"

हे लवकर आटपतं. ५० वॉटच्या जागी १०० वॉट घेतले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर एका वॉटवर, एक मीटरवरून, ८७ डेसिबल देतो, आणि नेहमीच्या हॉलमध्ये ते पुरेसं मोठं असतं. जादा वॉट क्षणभरच्या उसळीसाठी ठेवायचे. तबल्याची चाट किंवा पखवाजाची थाप कापली जाऊ नये, एवढंच त्यांचं काम.

"वायर बदलली आणि पडदाच उठला"

इलेक्ट्रिशियन प्लगसाठी वापरतो ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तिचा रोध मीटरमागे ०.००७ ओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. समोर स्पीकरचे ८ ओहम. वायरीत होणारा तोटा डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. वायर फार बारीक किंवा फार लांब असली, जोड सैल किंवा गंजलेला असला, तर फरक पडतो, आणि आपल्या कोकण-मुंबईच्या दमट हवेत जोड गंजतातही. पण त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर आणि सॅण्डपेपर पुरतो.

मग इतक्या माणसांना फरक ऐकू कसा येतो? ती खोटं बोलत नाहीत. त्यांना तो खरोखर ऐकू येतो. ऐकणं एकट्या कानाचं काम नाही, एवढंच.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर दिसत असताना. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. त्याहून बोलका निष्कर्ष दुसराच होता. पडदा असताना स्पीकरची जागा बदलली की लोकांचे गुणही बदलत. पडदा काढल्यावर जागेचा हा खरा फरक त्यांना पुरेसा टिपताच येईना. डोळ्यांनी आधीच निकाल दिलेला होता.

याची दुसरी बाजू त्याहून जुनी आहे. १९१५ पासून पुढे एडिसनची कंपनी अमेरिकेतल्या सभागृहांत प्रयोग करायची. मंचावर गायिका आणि शेजारी ग्रामोफोन. गाता गाता दिवे जायचे, आणि गाते कोण, बाई की यंत्र, हे श्रोत्यांना ओळखता येत नसे, असं कंपनी सांगायची. त्या काळच्या तबकडीवर ना पुरेसा खर्ज, ना वरचे स्वर. तरी लोक चकायचे. अॅना केस या गायिकेने म्हातारपणी त्यातलं गुपित सांगितलं: यंत्राशी जुळेल असाच आवाज ती मुद्दाम लावायची.

दुकानात सर्वांत जास्त चालणारी गोष्ट मात्र याहून साधी आहे, ती म्हणजे आवाजाची पातळी. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठं वाजलं, अगदी अर्ध्या डेसिबलने, तर ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. शिवाय आवाज वाढला की कानाला खर्ज त्या मानाने जास्त भरीव लागतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. पातळी मीटरने जुळवल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना माझ्या लेखी गप्पा.

"डिजिटल म्हणजे पायऱ्या, रेकॉर्ड म्हणजे अखंड"

सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यांचं चित्र पायऱ्यांसारखं काढतात, आणि ते चित्र पाहूनच लोक घाबरतात. प्रत्यक्षात स्पीकरकडे जाणारी लाट गुळगुळीत असते. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचा कुठलाही सूर त्यांतून पुरता उभा राहतो, आणि माणसाचा कान २० हजार हर्ट्झच्या पुढे जात नाही. चाळिशी उलटल्यावर तर तिथपर्यंतही पोचत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायर आणि मोरान यांच्या प्रयोगात उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापात बसवलेलं, यांतलं कुठलं कोणतं हे ओळखायला सांगितलं. ५५४ वेळांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेक. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा फरक निघाला, पण ५२ टक्क्यांच्या आसपासचा, आणि कान तयार केलेल्यांत थोडा जास्त.

रेकॉर्डच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे: मोठं मुखपृष्ठ, उठून बाजू उलटावी लागल्याने टिकणारं लक्ष, काही जुन्या आवृत्त्यांचं उत्तम मास्टरिंग. पण 'अखंड शुद्धता' हा मुद्दा २०२२ मध्ये चांगलाच अडचणीत आला. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड निव्वळ अॅनालॉग म्हणून दर्दी मंडळी वाखाणत होती. त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये २०११ पासून मधला एक टप्पा डिजिटल होता, हे उघड झालं. तोपर्यंत कुणाच्या कानाला तो टोचला नव्हता.

"मग हे सगळं थोतांडच"

हेही तितकंच चूक. स्पीकरांमधले फरक खरे आहेत, मोजता येतात आणि पडद्याआडूनही ऐकू येतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ६९ हर्ट्झ काढताच येत नाही, तरी त्यावर तानपुऱ्याचा खर्ज ओळखू येतो, कारण वरच्या स्वयंभू स्वरांवरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो. मोठ्या, नीट लावलेल्या स्पीकरवर तो सूर प्रत्यक्षात वाजतो. जोडी बरोबर जुळली आणि तुम्ही दोघांपासून सारख्या अंतरावर बसलात, की गायक दोन पेट्यांच्या मध्ये, रिकाम्या हवेत उभा राहतो. अॅलन ब्लूमलाइनने १९३१ मध्ये लंडनमध्ये स्टीरिओच्या पेटंटचा अर्ज केला, तेव्हा त्याला जे हवं होतं ते हेच. अब्दुल करीम खाँसाहेबांची मोनो तबकडी लावली तरी ही मधली जागा जाणवते. फक्त तिथे एकच ठिपका असतो, आणि सुईची खरखरही अधिक स्पष्ट होते. भारी यंत्रणा वाईट मुद्रणावर दया करत नाही.

स्वतंत्र खोली हवीच, असंही नाही. टोकियोच्या शिबुयात 'लायन' नावाचं कॉफीगृह १९२६ पासून आहे. युद्धात जळालं, पुन्हा उभं राहिलं. तिथे खुर्च्या स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या असतात आणि बोलायला बंदी असते. घरी जागा आणि यंत्र परवडत नाही म्हणून जपानी लोक कॉफीच्या पैशांत असं सामाईक ऐकत आले. आपल्याकडे मित्रमंडळी एखाद्याच्या घरी रेकॉर्ड ऐकायला जमतात. फक्त गप्पा थांबवायचा नियम तिथे पाळला जात नाही.

दुकानातल्या त्या खोलीत जाणार असाल तर स्वतःची, पाठ असलेली मुद्रणं न्या. दुकानदाराच्या निवडीत बहुधा कुजबुजणारी गायिका आणि एक डबल बास असतो, आणि ते कुठल्याही स्पीकरवर छान लागतात. तानपुरे वेगळे करून ऐका, डग्ग्याची मींड एकसारखी उतरते का बघा, खुर्ची दोन फूट मागे घेऊन तोच तुकडा पुन्हा ऐका. पातळी मीटरवर जुळवून मागा. शेवटी सांगा की वायर बदला किंवा बदलू नका, पण काय केलंत ते मला सांगू नका. इथवर आलात की बहुतेक ठिकाणी चहा मागवला जातो.