घड्याळाची किंमत कोण ठरवतो?

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावगृहाने एक वापरलेले मनगटी घड्याळ विक्रीस काढले. घड्याळ रोलेक्स कंपनीचे, 'डेटोना' जातीचे, पोलादी आणि हाताने चावी द्यावी लागणारे होते. त्याचे मूळ मालक अमेरिकन चित्रपट-अभिनेते पॉल न्यूमन. त्यांना मोटारींच्या शर्यतींचा नाद होता. म्हणून त्यांच्या पत्नी जोॲन वुडवर्ड यांनी ते भेट देताना मागील झाकणावर 'गाडी जपून चालव' अशा अर्थाची अक्षरे कोरून घेतली होती. बोली दहा लाख डॉलरपासून सुरू झाली आणि दूरध्वनीवरील एका ग्राहकाने लागलीच एक कोटी डॉलर पुकारले. सुमारे बारा मिनिटांनी हातोडा पडला तेव्हा बोली १ कोटी ५५ लाख डॉलरवर पोहोचली होती. लिलावगृहाची अडत धरून खरेदीदाराला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर मोजावे लागले. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ११५ कोटी रुपये होते. हेच घड्याळ दुकानातून नवे घेतले गेले तेव्हा त्याची किंमत काही शे डॉलर होती.

अशी बातमी वाचल्यावर सामान्य वाचकाच्या मनात सहसा दोनपैकी एक विचार येतो. पहिला, हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला त्याचे काय? दुसरा विचार अलीकडे तरुणांत अधिक ऐकू येतो: बँकेतील ठेवीपेक्षा घड्याळातच पैसे गुंतवले तर काय वाईट? पहिला विचार किंमत कशी ठरते हा मूळ प्रश्नच टाळतो. दुसरा विचार तर खिशाला धोका पोहोचवणारा आहे. म्हणून या लिलावांकडे थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे ठरते.

उपयोग संपला, भाव वाढला

घड्याळाचे काम वेळ दाखवण्याचे. या कामापुरता विचार केला तर यांत्रिक घड्याळाचा पराभव अर्धशतकापूर्वीच झालेला आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. उत्तम यांत्रिक घड्याळ दिवसाकाठी काही सेकंद मागेपुढे होते; या घड्याळात महिन्याकाठी पाच सेकंदांहून अधिक फरक पडणार नाही, अशी हमी होती. त्याची पहिली किंमत साडेचार लाख येन, म्हणजे पुष्कळच होती. परंतु काही वर्षांतच क्वार्ट्झ घड्याळे अतिशय स्वस्त झाली. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यावर याचा जो आघात झाला तो भयंकर होता. १९७० साली तेथे या धंद्यात सुमारे नव्वद हजार माणसे कामास होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस हजारांच्या आसपास उरली. जुरा पर्वताच्या कुशीतील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कारखाने बंद पडले.

या मोडतोडीतून जे यांत्रिक घड्याळ उरले, त्याचा व्यवसाय बदलला. ते उपकरण राहिले नाही. प्रतिष्ठेची, कारागिरीची आणि आठवणींची वस्तू झाले. वस्तूचा उपयोग संपला की तिचा भाव पडावा असे आपले साधे तर्कशास्त्र सांगते. येथे नेमके उलट घडले. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी जिनिव्हा येथील एका धर्मादाय लिलावात पातेक फिलिप कंपनीचे 'ग्रँडमास्टर चाइम' हे घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना, म्हणजे दोनशे कोटींहून अधिक रुपयांना, विकले गेले. स्नायूंच्या एका दुर्धर आजारावरील संशोधनासाठी हा निधी होता, हे खरे. तथापि पदपथावर मिळणारे साधे क्वार्ट्झ घड्याळही याहून अचूक वेळ दाखवते, हेही तितकेच खरे.

टंचाईचे मोल

या विपरीत वाटणाऱ्या घटनेचा उलगडा डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ सालीच करून ठेवला आहे. वस्तूचे मोल तिच्या उत्पादनास लागणाऱ्या श्रमांवर अवलंबून असते, हा त्यांचा सिद्धांत विद्यार्थ्यांस परिचित असतो. परंतु त्याच ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी एक अपवाद नोंदवला होता, तो फारसा कोणी लक्षात ठेवत नाही. दुर्मीळ पुतळे, चित्रे, जुने ग्रंथ, नाणी यांची संख्या कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाही. म्हणून त्यांचे मोल श्रमांनी ठरत नाही. ती हवी असणाऱ्यांजवळ पैसा किती आणि त्यांना हाव किती, यांवर ते ठरते. लिलावातील घड्याळ या अपवादात बसते.

याचा उत्तम दाखला म्हणजे पातेक फिलिप कंपनीचे १९४१ साली सुरू झालेले, १५१८ क्रमांकाचे घड्याळ. वार, तारीख, महिना, चंद्रकला आणि लीप वर्षाचा हिशेब ठेवून शिवाय सेकंद मोजण्याची सोय असणारी अशी सुमारे २८० घड्याळे कंपनीने बनवली. त्यांपैकी बहुतेक सोन्याची आहेत. पोलादाची फक्त चार ज्ञात आहेत. सराफाच्या तराजूत पोलादाला काय किंमत? परंतु लिलावात सोन्यापेक्षा पोलादच महाग ठरते. नोव्हेंबर २०१६ मध्ये यांपैकी एक पोलादी घड्याळ जिनिव्हात १ कोटी १० लाख २ हजार फ्रँकना गेले.

न्यूमन यांच्या घड्याळाची हकीकतही अशीच आहे. त्या विशिष्ट तबकडीची घड्याळे एके काळी दुकानांतून खपत नसत. ग्राहकांना ती आवडत नसत, म्हणून ती थोडी बनली. थोडी बनली, म्हणून आज ती दुर्मीळ आहेत. काल ज्या नावडीने माल पडून राहिला, तीच नावड आज त्याचे भांडवल झाली आहे. न्यूमन यांनी स्वतः १९८४ साली हे घड्याळ आपल्या मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले होते; त्याच्याजवळ घड्याळ नव्हते, एवढेच कारण त्यांना पुरेसे वाटले. म्हणजे ज्याच्या नावामुळे या वस्तूला कोट्यवधींचे मोल आले, त्याच्या लेखी ती वेळ पाहण्याची एक वस्तूच होती.

बोली कोणाची?

येथवर सारे समजण्यासारखे आहे. माल थोडा, पैसा अमाप, मग भाव चढणारच. परंतु बाजारातील किंमत हे खऱ्याखुऱ्या मागणीचे प्रतिबिंब असते, असे आपण मानतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: बोली लावणारा आपल्यासाठी बोली लावतो आहे. घड्याळांच्या लिलावात हे गृहीत नेहमी खरे ठरलेले नाही.

एप्रिल २००७ मध्ये जिनिव्हाच्या अँटिकोरम या लिलावगृहाने ओमेगा कंपनीच्या सहकार्याने केवळ ओमेगा घड्याळांचा एक मोठा लिलाव भरवला. त्यात १९५० च्या दशकातील एका प्लॅटिनमच्या घड्याळाला ३ लाख ५१ हजार डॉलर आले आणि त्याचा बराच बोलबाला झाला. ती बोली खुद्द ओमेगा कंपनीचीच होती, हे त्याच वर्षी अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने उघड केले. कंपनीने आपल्या संग्रहालयासाठी आपलीच जुनी घड्याळे विकत घेणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु खरेदीदाराचे नाव गुप्त राहून विक्रमी किंमत तेवढी वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हा तो भाव उरत नाही. ती जाहिरात होते. जुन्या घड्याळाचा उच्चांक पाहून नव्या घड्याळाचा ग्राहक दुकानात येतो आणि दुकानातील किंमत त्याला रास्त वाटू लागते.

पुढे याच कंपनीला उलटा अनुभव आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये १९५० च्या दशकातील म्हणून एक 'स्पीडमास्टर' घड्याळ जिनिव्हात लिलावास आले. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा. बोली गेली ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकपर्यंत. खरेदीदार पुन्हा ओमेगाचे संग्रहालयच होते. जून २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते आणि या प्रकरणात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जिने ते घड्याळ घडवले असे मानले जात होते, त्या कंपनीच्याच संग्रहालयाला त्याची पारख झाली नाही! मग नियतकालिकांतील रंगीत चित्रांवरून घड्याळाची परीक्षा करणाऱ्या नवख्या ग्राहकाची काय कथा?

परताव्याचा हिशेब

आता गुंतवणुकीच्या दाव्याकडे वळू. हेन्री ग्रेव्ह्‌ज या अमेरिकन धनिकासाठी पातेक फिलिपने तयार केलेले आणि १९३३ साली त्याच्या हाती दिलेले, चोवीस करामतींचे खिशातील घड्याळ जगप्रसिद्ध आहे. १९९९ साली ते सुमारे १ कोटी १० लाख डॉलरना विकले गेले; २०१४ साली जिनिव्हात त्याला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर आले. दुपटीहून अधिक! परंतु चक्रवाढीचे गणित मांडले की पंधरा वर्षांतील ही वाढ वर्षाला सुमारे सव्वापाच टक्के भरते. वर उल्लेखिलेले पोलादी १५१८ नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा विकले गेले, तेव्हा त्याला सुमारे १ कोटी ४२ लाख फ्रँक आले. नऊ वर्षांतील ही वाढ वर्षाला तीन टक्क्यांहूनही कमी आहे.

शिवाय या जाहीर आकड्यांत लिलावगृहाची अडत मिळवलेली असते. घेणारा ती भरतो, पण विकणाऱ्याच्या हाती ती पडत नाही. न्यूमन यांच्या घड्याळाच्या व्यवहारात हातोड्याची बोली आणि प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यांतील तफावत साडेबावीस लाख डॉलरची होती. त्यावर विमा आणि तिजोरीचा खर्च. दरसाल व्याज तर नाहीच. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमॉल यांनी १९८६ साली चित्रांच्या सुमारे तीन शतकांतील विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा महागाई वजा जाता वर्षाला सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच परतावा मिळाल्याचे त्यांना आढळले. जगातील सर्वोत्तम म्हणून गाजलेल्या घड्याळांची ही अवस्था. जी गाजली नाहीत, त्यांची बातमी कोण छापतो? सोडतीत बक्षीस मिळालेल्याचेच छायाचित्र वर्तमानपत्रात येते. बाकीची तिकिटे केराच्या टोपलीत जातात.

डिसेंबर २०२१ मध्ये निळसर तबकडीचे, दुकानात सुमारे ५२ हजार डॉलर किमतीचे पातेक फिलिपचे एक पोलादी घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरना गेले. अशी एकूण १७० घड्याळे बनायची होती. धर्मादायासाठी विकलेल्या एका घड्याळाच्या भावाने इतर १६९ घड्याळांचे मोल ठरत नाही, एवढा विवेक त्या हंगामात उरला नव्हता. व्याजदर अल्प होते, आभासी चलनांचे भाव चढलेले होते, आणि घड्याळे आज घेऊन उद्या विकणाऱ्यांची गर्दी झाली होती. २०२२ च्या वसंत ऋतूनंतर व्याजदर वाढू लागले आणि वापरलेल्या घड्याळांचे भाव घसरले. शिखरावर खरेदी करणाऱ्यांत केवळ धनिक नव्हते. कर्ज काढून घड्याळ घेणारे नोकरदार तरुणही होते. धनिकाचे नुकसान त्याच्या हिशेबवहीत राहते. पगारदाराचे नुकसान घरात येते.

मुंबईची दुरुस्ती

या व्यवहाराचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि एचएमटीचे घड्याळ मध्यमवर्गीय घरांतून लग्नकार्याच्या, परीक्षेतील यशाच्या भेटीत मानाने विराजमान झाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करण्यास मान्यता दिली आणि काल अडगळीत गेलेल्या या घड्याळांना देशोदेशींचे संग्राहक मिळू लागले. लागोपाठ जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी आणि भलतेच काटे बसवलेली घड्याळे बाजारात आली. परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे उपहासाचे नावच पडले आहे.

मात्र या उपहासात एक अन्याय दडलेला आहे, तो ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडचा घड्याळजी झिजलेला भाग बदलतो, अंधुक झालेली तबकडी रंगवतो, ते वापरणाऱ्याला वेळ दिसावी म्हणून. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दुरुस्तीने घड्याळाचे मोल वाढते. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र तेच मोल कमी होते. केसला पॉलिश केले तरी त्याचा भाव उतरतो. नवी तबकडी मूळची म्हणून सांगून विकणे ही फसवणूक खरीच. परंतु तीन हजार रुपयांच्या घड्याळात झाली तर तिला शहराचे नाव चिकटते आणि एकतीस लाख फ्रँकच्या घड्याळात झाली तर जिनिव्हाच्या नावाला डाग लागत नाही.

घड्याळ हे संपत्ती साठवण्याचे साधन होऊ लागले आहे, याची दखल सरकारनेही घेतली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का आयकर वसूल करून भरण्याचा नियम लागू केला. मोठ्या पैशाचा माग काढण्यापुरता तो योग्यच आहे. परंतु लहान पैशाचे रक्षण कायद्याने होत नसते. ते ज्याचे त्याला करावे लागते.

तेव्हा लिलावाच्या बातमीतील आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत: बोली कोणाची, त्यातील अडत किती, आणि न विकल्या गेलेल्या घड्याळांचे काय झाले? ज्यांची उत्तरे मिळत नाहीत, अशा बाजारात पगारातील बचत घालू नये. घरातील कपाटात वडिलांचे जुने घड्याळ बंद पडून असेल, तर त्याचा भाव विचारीत हिंडण्याऐवजी ते घड्याळजीकडे न्यावे, तेलपाणी करून घ्यावे आणि मनगटावर बांधावे. त्याला जे मोल आहे ते चालू असण्यात आहे, आणि ते वसूल करण्यासाठी कोणा खरेदीदाराची वाट पाहावी लागत नाही.