ससा पाळलात, पण त्याला पळू देता का?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ शाळकरी मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. टोपलीत पांढरा ससा होता. पुढचे पाय टेकून तो उठू पाहत होता, पण मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. "डॉक्टर, तो कुठे पडला नाही हो," मुलगी रडत सांगत होती. सहा महिने लहानशा पिंजऱ्यात असलेला हा ससा त्या दिवशी प्रथमच अंगणात सोडला होता. कुत्रे भुंकले, तिने त्याला घाईने उचलले आणि त्याने हवेत जोराने लाथ झाडली. तेवढ्याने कणा मोडला! तो ससा वाचला नाही.

सशाचे पाठीचे व मागच्या पायांचे स्नायू बळकट, हाडे मात्र हलकी. वजनाच्या जेमतेम ८ टक्के. कोंडलेल्या सशाची हाडे आणखीच ठिसूळ होतात. शिवाय हालचाल नसली की आतडी मंदावतात, लेंड्या बारीक होतात, ससा खाणे सोडतो. त्याने १२ तास काही खाल्ले नाही तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवे.

सशाला रोज निदान तीन तास मोकळे सोडावे. सकाळी लवकर आणि दिवस मावळताना तो मुळातच चपळ असतो. भर दुपारी मात्र नको. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. तापमान ३० अंशांच्या वर गेले की उष्माघाताचे भय, आणि आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको. धापा टाकू लागल्यास सावलीत आणून कान ओल्या फडक्याने पुसावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. मग डॉक्टरांना दाखवावे.

अंगणात जाळीचे कुंपण करावे. ससा बिळे खणतो, म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरावी. मांजर आणि घार यांच्यासाठी वरूनही जाळी हवी. आत एक खोके पालथे घालून त्याला दोन दारे करावीत, म्हणजे भ्यालेल्या सशाला लपायला जागा होते. कीटकनाशक मारलेले गवत व कण्हेर त्याच्या तोंडी लागू देऊ नये.

अंगण नसले तरी घरातली एक खोली पुरते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेव्हा गोणपाट अंथरावे. तो धागे गिळत नाही ना, एवढे पाहावे. विजेच्या वायरी उंच बांधाव्यात, कारण त्या तो हमखास कुरतडतो. झोपाळा असल्यास तेवढा वेळ काढून ठेवावा. झोपाळ्याखाली सापडलेले दोन ससे मी पाहिले आहेत.

कान धरून सशाला कधीही उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली देऊन अंगाशी घट्ट धरावे. लहान मुलांनी उचलूच नये. जमिनीवर बसावे, ससा आपण होऊन जवळ येतो.

बरेच दिवस कोंडलेला ससा मात्र एकदम तीन तास सोडू नका. पहिले काही दिवस घरातच १५-२० मिनिटे, मग हळूहळू वाढवत न्या.