एका आगगाडीसाठी बांधलेला कॅमेरा

१९०० साली अमेरिकेतल्या ‘शिकागो अँड ऑल्टन’ रेल्वेला आपल्या ‘ऑल्टन लिमिटेड’ गाडीचा भव्य फोटो हवा होता, तोही एकाच काचेवर, बिनजोड. जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकाराने त्यासाठी नवा कॅमेराच बांधवून घेतला. काच ८ फूट बाय साडेचार फूट, काचेसकट वजन सुमारे ६४० किलो, आणि चालवायला १५ माणसं.

एवढी काच व्यापायची तर भिंगाचं नाभीय अंतर मोठं लागतं. लॉरेन्सच्या एका भिंगाचं ते सुमारे ३ मीटर होतं. म्हणजे दूरची वस्तू टिपतानाही भिंगापासून काच तेवढी लांब, आणि मधला भाता न झुकता, प्रकाशाची तिरीपही आत न घेता ताणलेला राहायला हवा. वस्तूच्या मूळ आकाराएवढी प्रतिमा हवी असेल, तर हे अंतर दुप्पट होतं आणि काचेवरचा प्रकाश चौथाई उरतो. भिंगाचं छिद्र लहान केल्याशिवाय पुढचं-मागचं सगळं रेखीव येत नाही. लहान केलं की वेळ वाढतो. गाडीच्या फोटोला अडीच मिनिटं लागली!

मला सर्वांत विलक्षण वाटते ती धूळ झटकण्याची रीत. पुढची फळी उघडून एक माणूस ब्रश घेऊन चक्क कॅमेऱ्यात शिरायचा. मग भिंगावर लाल काच बसवत, कारण त्या प्लेटवरच्या लेपावर लाल उजेडाचा परिणाम होत नसे. आतल्या आत काच साफ व्हायची.

फोटो पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोहोचला, तेव्हा तो खरोखर एकाच काचेवर घेतल्याचं प्रतिज्ञापत्र मागण्यात आलं.