एच.आय.व्ही. विषाणू ‘पिकतो’ कसा?

आपल्याकडे केळीचा घड कच्चाच कापतात. तो पिकतो नंतर. एच.आय.व्ही.चेही तसेच आहे. रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरून हा विषाणू तिच्याकडून ‘गॅग’ नावाचे लांब प्रथिन बनवून घेतो. त्याच्या टोकाला चरबीची छोटी शेपटी असते. ती पेशीच्या स्निग्ध पापुद्र्यात आतून रुतते. अशी हजारो प्रथिने जमली की तिथे फुगवटा येतो आणि तोच पापुद्रा पांघरून विषाणू बाहेर पडतो. पण कच्चा! तो लागण करू शकत नाही. मग ‘प्रोटीएज’ हे एन्झाईम कात्रीसारखे गॅगचे तुकडे करते. एक तुकडा पापुद्र्याला अस्तरासारखा चिकटून राहतो, दुसऱ्याचे शंकूसारखे कवच बनते. विषाणू पिकला!

१९९५ पासून वापरात आलेली प्रोटीएजरोधक औषधे ही कात्रीच अडवतात. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, की सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून ती मोफत देतात.

“डॉक्टरसाहेब, आता बरं वाटतंय, गोळ्या थांबवू का?” असे रुग्ण मला विचारतात. मुळीच नाही! विषाणूचे बीज पेशींत दडलेलेच असते. गोळ्या थांबल्या, की तो पुन्हा वाढू लागतो. म्हणून औषध रोज, वेळेवर घ्या.