जठरातील जिवाणू : तीन औषधे की चार?

‘पित्ताचा त्रास’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू ठाण मांडून असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सर हा ताणतणाव आणि तिखट खाण्यामुळे होतो, ही समजूत खोडण्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि जठरदाह ओढवून घेतला! दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. अल्सरच नव्हे, तर जठराच्या कर्करोगाचेही हा जिवाणू एक कारण आहे.

त्याला हुसकावणे मात्र सोपे नाही. जठराच्या बुळबुळीत अस्तरात दडून, स्वतःभोवती अमोनिया निर्माण करून तो आम्लापासून बचाव करतो. एकटे प्रतिजैविक तेथे अपुरे पडते. म्हणून आम्ल घटवणारे औषध, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन अशी तिहेरी उपचारपद्धती रूढ झाली. आम्ल घटवायचे ते केवळ जळजळ शमवण्यासाठी नव्हे. आम्ल कमी झाले की जिवाणू वाढू लागतो, आणि वाढत्या जिवाणूवरच अमॉक्सिसिलिनचा मारा नीट बसतो.

तिहेरी उपचाराचा कणा असलेले क्लॅरिथ्रोमायसिन हीच आता त्याची दुखरी बाजू ठरली आहे. खोकला, घशाचा संसर्ग यांसाठी या गटातील औषधांचा सढळ वापर झाला आणि जिवाणू त्यांना सरावला. त्यामुळे अमेरिकेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल व आम्लरोधक असा १४ दिवसांचा चौपदरी उपचार पहिल्या पसंतीचा मानला. जुनीच औषधे पुन्हा कामी आली म्हणायची!

भारतात जुलाब आणि आमांशावर मेट्रोनिडॅझोल सर्रास घेतले जात असल्याने त्यालाही दाद न देणारे जिवाणू पुष्कळ आहेत. तरी बिस्मथच्या जोडीने, पुरेशा मात्रेत आणि पूर्ण दिवस घेतल्यास हा अडथळा बराचसा ओलांडता येतो. क्लॅरिथ्रोमायसिनबाबत तसे घडत नाही. दिवसभरात घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांची संख्या, तोंडाची धातूसारखी चव आणि काळी शौच यांमुळे रुग्ण कंटाळतात, हे खरे. काळी शौच बिस्मथमुळे होते, हे आधी सांगितले तर निम्मी भीती ओसरते. गर्भवतींना व लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना अमॉक्सिसिलिन चालत नाही.

कोर्स अर्धवट सोडल्यास उरलेले जिवाणू अधिक चिवट होतात आणि फसलेले क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा देऊन सहसा उपयोग होत नाही. जिवाणू गेला की नाही, हे प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने पाहतात. त्याआधी दोन आठवडे आम्ल घटवणाऱ्या गोळ्या, डॉक्टरांना विचारून, थांबवाव्या लागतात. रक्तचाचणी येथे निरुपयोगी, कारण जिवाणू नष्ट झाल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ रक्तात राहतात.