ट्रक ड्रायव्हरची झोप, घराची जबाबदारी

आपल्या घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांतली बरीच मुले टेम्पो चालवता चालवता लांब पल्ल्याच्या ट्रकवर जातात. मुलुंड चेकनाका सोडला की कसारा घाट, नाशिक आणि पुढे परराज्य. पाठदुखी, अ‍ॅसिडिटी मागे लागतेच. पण जिवावर बेतते ती अपुरी झोप.

सलग 17 तास जागलेला माणूस दारू प्यायल्यासारखा मंदावतो. 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असावे, इतका हा परिणाम संशोधनात दिसला आहे. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. पहाटे 2 ते 5 झोप सर्वांत जड असते. सतत जांभया, मागचा रस्ता न आठवणे, गाडी लेन सोडणे ही धोक्याची लक्षणे. अशा वेळी सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटे झोपावे. चहा-तंबाखूने झोप भरून निघत नाही.

पाच किंवा जास्त कामगारांच्या वाहतूक व्यवसायांसाठी 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, लांबच्या मार्गावर मंजुरीने 10 तास काम आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. मालकाकडे विश्रांती मागणे म्हणजे आळस नव्हे.

दहा बाय दहाच्या खोलीत दिवसा झोपणे कठीण. म्हणून तो घरी आला की टीव्ही बंद ठेवावा, खिडकीला जाड चादर लावावी, पाणी भरायला त्याला उठवू नये. गाडीवर असताना त्याला फोन करू नये. थांबल्यावर तोच करील.

दारू पिऊन गाडी चालवू नको, असे आपण मुलाला बजावतो. झोपेशिवाय चालवू नको, हेही तेवढ्याच ठामपणे सांगू या.