आधी डेमो, मग बोला!

२००१ साली प्लेस्टेशन २ वर ‘रेसिडेंट ईव्हिल’ मालिकेतल्या ‘कोड: व्हेरॉनिका’ची नवी आवृत्ती आली, आणि खोक्यात एक खाऊही आला: ‘डेव्हिल मे क्राय’ नावाच्या, अजून बाजारात न आलेल्या गेमचा डेमो. झॉम्बींच्या भीतीने दरवाजे हळूच उघडायची सवय लागलेल्या मंडळींच्या हातात अचानक लाल कोटवाला, पांढऱ्या केसांचा डान्टे आला. एका हातात तलवार, कमरेला दोन पिस्तुलं आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. हॅक-अँड-स्लॅश, म्हणजे शस्त्रांनी शत्रूंना सपासप कापत जायच्या गेमची ओळख करून द्यायची तर अशीच. कारण या गेमांचा कस बटण दाबल्यापासून वार बसेपर्यंतच्या इवल्याशा क्षणात लागतो, आणि तो क्षण ट्रेलरमध्ये दिसत नाही. तो बोटांनाच कळतो.

व्हायचं होतं एक, झालं भलतंच

डान्टेचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या घरात झाला. कॅपकॉम कंपनीत ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ची तयारी सुरू होती आणि दिग्दर्शक होते हिदेकी कामिया, म्हणजे ‘रेसिडेंट ईव्हिल २’चेच दिग्दर्शक. त्यांना हवा होता रुबाबदार, अजिंक्य नायक. जुन्या इमारतींचे दगड, विटा, पुतळे यांचे फोटो काढायला त्यांची टीम थेट ब्रिटन आणि स्पेनला जाऊन आली. पण गेम जसजसा आकाराला आला, तसतसा तो भयकथेच्या चौकटीतून बाहेर सांडू लागला. तेव्हा निर्माते शिंजी मिकामी यांनी शहाणपणा केला. हा गेम मोडायचा नाही, वेगळ्या नावाने उभा करायचा, असं ठरलं. म्हणूनच पहिल्या भागात कॅमेरा जागच्या जागी खिळलेला दिसतो, किल्ल्यात किल्ल्या शोधाव्या लागतात आणि बंद दारांची कोडी सोडवावी लागतात. जुन्या घराच्या खुणा त्या!

आणि शत्रूला हवेत उडवून, तो खाली पडायच्या आत पुन्हा पुन्हा हाणायचं, ही या मालिकेची ओळख झालेली करामत? ती सापडली एका चुकीतून. कॅपकॉमच्याच ‘ओनिमुशा’ या सामुराई गेमची चाचणी चालू असताना एका बगमुळे शत्रू वार खात हवेतच तरंगत राहायचे. कामियांनी ते पाहिलं आणि आपल्या गेमचा पायाच त्यावर रचला. आर१ धरा, स्टिक मागे ओढा, त्रिकोण दाबा. समोरचा सैतान वर उडतो. त्रिकोण दाबून ठेवलात तर डान्टेही त्याच्यासोबत वर जातो. तिथून पुढचं सगळं तुमच्या कल्पनाशक्तीवर. आज हवेतली ही कारागिरी नसलेला हॅक-अँड-स्लॅश गेम शोधावा लागतो.

नावांची गंमत लक्षात आली असेलच. डान्टे आणि त्याचा जुळा भाऊ व्हर्जिल ही नावं थेट ‘डिव्हाइन कॉमेडी’तली. आणखी एक: जपानी कंपनीचा जपानी गेम, पण जपानमध्येही पात्रं इंग्रजीच बोलायची आणि खाली जपानी अक्षरं यायची. जपानी आवाज मिळायला २०१५ची ‘डेव्हिल मे क्राय ४ स्पेशल एडिशन’ उजाडावी लागली.

पहिल्या दहा मिनिटांचा खेळ

या प्रकारातले चांगले दिग्दर्शक पहिल्या दहा मिनिटांसाठी जीव टाकतात. २००५च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये खेळाडू नायक क्रेटॉसला धड चालवायला शिकतोय तोवर वादळात हेलकावणाऱ्या जहाजावर हायड्रा हा अनेक मुंड्यांचा राक्षस अंगावर येतो. बाकीचे गेम जो बॉस शेवटासाठी राखून ठेवतील, तो इथे दारातच उभा. त्याच वर्षीच्या ‘डेव्हिल मे क्राय ३’ची सुरुवात तर मला सगळ्यांत लाडकी. डान्टे ऑफिसात पिझ्झा खातोय. सैतान घुसतात, अंगात आरपार कोयते खुपसतात, आणि हा पठ्ठ्या ते कोयते अंगात तसेच ठेवून गाणं लावायला ज्यूकबॉक्सकडे चालत जातो. यंत्र चालू होईना म्हणून त्याला एक ठोसा. मग गाणं, मग मारामारी, आणि पिझ्झ्याचा तुकडा अजून हातात! या दृश्यांमधल्या साहसाचं दिग्दर्शन युजी शिमोमुरा या जपानी ॲक्शन-दिग्दर्शकाने केलं होतं.

तोच गेम अमेरिकेत गेला तेव्हा मात्र तिथल्या खेळाडूंना घाम फुटला. जपानमधली ‘हार्ड’ पातळी अमेरिकेत ‘नॉर्मल’ म्हणून दिली होती. पहिल्याच बॉसपाशी लोक अडकले. पुढच्या वर्षी आलेल्या स्पेशल एडिशनमध्ये हे गणित पुन्हा बसवलं गेलं.

खेळाडू अडकला की काय करायचं, याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पहिला ‘डेव्हिल मे क्राय’ सुरुवातीलाच तुम्ही पुन्हा पुन्हा मेलात की ‘ईझी ऑटोमॅटिक’चा पर्याय पुढे करतो. ‘निंजा गायडन ब्लॅक’ त्याहून खट्याळ. तिथे सोप्या पातळीचं नाव ‘निंजा डॉग’, आणि ती स्वीकारली की रियू हायाबुसासारख्या जहाल निंजाच्या दंडाला रंगीत रिबीन बांधली जाते. पूर्ण गेमभर ती दिसत राहते. ती रिबीन नको म्हणून कितीतरी जण पहिल्या बॉसला, मुराईला, पुन्हा पुन्हा भिडले असतील.

कामियांनी पुढे प्लॅटिनमगेम्समध्ये २००९ साली ‘बायोनेटा’ केला. या जादूगारणीच्या दोन्ही हातांत पिस्तुलं आणि दोन्ही टाचांनाही पिस्तुलं. अंगावरचा पोशाख म्हणजे तिचेच केस. पण माझ्या मते खरी कमाल आहे लोडिंग स्क्रीनवर. इतर गेम तिथे नुसती रेघ सरकवत बसवतात. ‘बायोनेटा’ त्या वेळात तुम्हाला कॉम्बोचा सराव करू देतो, बाजूला बटणांची यादीही देतो. खेळाडूच्या वेळेचा इतका मान क्वचित कुणी राखला असेल.

वाट पाहायची तर किती!

‘बायोनेटा ३’ची घोषणा डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि प्रत्यक्ष खेळाची पहिली झलक दिसली सप्टेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात वैतागलेल्या चाहत्यांना, तूर्तास हा गेम विसरूनच जा, असं कामियाच सुचवून बसले होते! शेवटी २८ ऑक्टोबर २०२२ रोजी तो आला.

पण डान्टेच्या भक्तांचा वनवास यापेक्षा लांबलचक. चौथा भाग २००८ सालचा. त्यानंतर २०१० मध्ये ट्रेलर आला तो ब्रिटनच्या निंजा थिअरीने केलेल्या नव्या अवताराचा. त्यात डान्टेचे केस चक्क काळे! चाहते खवळले. २०१३ मध्ये तो गेम आला, तेव्हा प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर तो सेकंदाला ३० फ्रेमने चालला. आधीचे भाग ६० ने चालत. बाहेरच्या माणसाला हा बारीकसारीक हिशेब वाटेल, पण वार आणि बचाव यांतलं अंतर ज्याच्या बोटांत मुरलंय, त्याला निम्म्या झालेल्या फ्रेम लगेच जाणवतात. तरीही सांगतो, त्या गेममधली सरकणारी, मोडणारी, भिंतींवर अक्षरं उमटवणारी नगरी अफलातून होती. नुसत्या केसांच्या रंगावरून ज्यांनी तो सोडला, त्यांनी स्वतःचंच नुकसान केलं.

मग जून २०१८. ई३ प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टच्या मंचावर ‘डेव्हिल मे क्राय ५’चा ट्रेलर झळकला. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो. हा माणूस या मालिकेत कसा आला हे ऐकण्यासारखं आहे. दुसरा भाग करताना गाडी रुळावरून घसरली होती, तेव्हा शेवटच्या टप्प्यात त्यांच्याकडे सूत्रं दिली गेली. दोन डिस्कवर आलेला तो भाग फिकाच निघाला. नुसती पिस्तुलं झाडत राहिलं तरी शत्रू गारद होत. तो कलंक पुसायचा म्हणून त्यांनी तिसरा भाग मागून घेतला, आणि तो आजही मालिकेतला सर्वोत्तम भाग मानणारे कमी नाहीत. मी त्यातलाच.

ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉमला लोकांना पाचवा भाग पहिल्यांदा प्रत्यक्ष खेळायला मिळाला. डिसेंबरात एक्सबॉक्स वनवर डेमो, फेब्रुवारीत प्लेस्टेशन ४ वर, आणि ८ मार्च २०१९ ला गेम बाजारात. एव्हाना ‘डेव्हिल ट्रिगर’ हे गाणं लोकांना तोंडपाठ झालं होतं. गेम यायच्या कितीतरी आधी त्याचं ध्रुवपद गुणगुणलं जात होतं.

डेमोत काय दिसलं?

नीरो. डावा डोळा मारावा तशा सहजतेने शत्रूला खेचून घेणारा, एक हात गमावलेला तरुण. त्या हाताच्या जागी ‘डेव्हिल ब्रेकर’ नावाचे यांत्रिक हात. हे तोडायचे, फोडायचे, फेकायचे आणि नवा चढवायचा. एक हात रॉकेटसारखा सुटतो आणि नीरो त्याच्यावर स्केटबोर्डसारखा उभा राहून फिरतो. पूर्ण गेममध्ये एका हाताला स्पॅगेटी खायचा काटा आहे. एक तर कॅपकॉमच्याच ‘मेगा मॅन’चा बस्टर आहे, आणि तो चढवला की नीरोची उडीही मेगा मॅनसारखी होते.

आता त्याची तलवार बघा, ‘रेड क्वीन’. तिच्या मुठीत मोटरसायकलसारखा थ्रॉटल आहे. एल२ दाबला की मूठ पिळली जाते, इंजिन गुरगुरतं आणि पुढचा वार पेटता बसतो. पण खरी नजाकत पुढे आहे. वार बसतो नेमक्या त्याच क्षणी एल२ दाबला, तर थांबून पिळायची गरजच नाही. तलवार आपोआप भरते. अगदी अचूक साधलंत तर तलवारीच्या ताकदीचे तिन्ही खण एकदम पेटतात. म्हणजे उजव्या हाताने त्रिकोण, त्रिकोण, त्रिकोण आणि प्रत्येकाच्या शेपटाला डाव्या तर्जनीचा एक टिचकारा. सुरुवातीला दहातले नऊ टिचकारे फुकट जातात. मग एखाद्या संध्याकाळी बोटांना ताल सापडतो आणि तलवार विझतच नाही. हे सुख कुठल्याही ट्रेलरने मला दिलं नाही.

त्याला साथ देतं संगीत. पडद्याच्या उजव्या बाजूला तुमच्या शैलीला गुण मिळत असतात: डी पासून वर चढत ट्रिपल एस पर्यंत. तोच तो वार परत परत केलात की गुण रखडतात. विविधता आणलीत की चढतात. पाचव्या भागात गाणंही या गुणांना बांधलेलं आहे. खालच्या श्रेणीत ते दबलेलं, एस गाठलात की ध्रुवपद उसळून येतं. मार खाल्ला की पुन्हा खाली. वाजवणारे तुम्हीच.

आणखी थोडा फराळ. दर्दी चाहत्यांसाठी जपानमध्ये गेमसोबत डान्टेचं जॅकेट देणारी अतिमर्यादित आवृत्ती निघाली, किंमत ९ लाख येन. गेममध्ये डान्टेकडे एक मोटरसायकल येते आणि तो तिचे दोन तुकडे करून दोन हातांत शस्त्रं म्हणून फिरवतो. त्याला एक हॅट मिळते आणि तो मायकल जॅक्सनच्या थाटात नाचतो. प्रस्तावनेतच जो बॉस तुम्हाला हरवण्यासाठी उभा केलाय, त्यालाच जर तुम्ही लोळवलं, तर तिथल्या तिथे शेवटची श्रेयनामावली सुरू होते, गेम संपला! आणि १ एप्रिल २०१९ ला, सगळ्यांना थट्टा वाटावी अशा तारखेला, कॅपकॉमने १०१ मजल्यांचा ‘ब्लडी पॅलेस’ हा खेळायचा प्रकार खरोखर फुकट देऊन टाकला.

पुण्याची राजी

हे सगळं जपान-अमेरिकेतच घडतं असं समजू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ केला. २०१७ मध्ये त्यांनी डेमो दाखवून किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, पण रक्कम पुरी पडली नाही. संस्थापकांपैकी एकीने फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या कार्यक्रमात गेम झळकला आणि त्याच दिवशी स्विचवर विक्रीला आला. हातात त्रिशूळ घेतलेली, सर्कशीत वाढलेली राजी आपल्या भावाला शोधायला निघते. राजस्थानी हवेल्या, पहाडी चित्रांचे रंग, छायाबाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट आणि निवेदनाला साक्षात विष्णू-दुर्गा. खांबावर चढून गिरकी घेत वार करायची तिची लकब मस्त आहे. मारामारीला डान्टेची धार नाही आणि गेम लहानही आहे, हे खरं. पण त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवणारा हा गेम पुण्यात बनला, ही छाती फुगवण्यासारखीच बाब आहे.

या प्रकारात नवे असाल तर ‘डेव्हिल मे क्राय ५’पासून सुरुवात करा. पातळी ‘डेव्हिल हंटर’ घ्या, ‘ऑटो असिस्ट’ बंद ठेवा, आणि डावी तर्जनी पहिल्या मिनिटापासून एल२ वर असू द्या.